विरोधी बाक

बाईंनी शेवटचं बाक ओढून भिंतीला लावलं आणि वर्गाच्या मधोमध एक गल्ली तयार झाली. आज वर्गातच संसद भरणार होती: एका बाजूला सरकार, समोर विरोधी पक्ष.

"चला, बसून घ्या."

सगळाच्या सगळा वर्ग सरकारात शिरला.

(सभागृहात ढकलाढकली.)

"अरे, समोर कोण बसणार?"

"तिकडे बसलं की फादरना वाटेल आम्ही त्यांच्याविरुद्ध आहोत, मिस."

"आमच्या घरी विरोधी पक्ष म्हणजे आत्या," मागून एक मुलगी म्हणाली. "तिलाच बोलावू का?"

(हशा.)

बाई हसल्या नाहीत. फळ्यावरची तारीख पुसून त्यांनी तीच तारीख पुन्हा लिहिली. मुख्याध्यापक फादर आज तास बघायला येणार होते. त्यानंतर ठरणार होतं, पुढच्या वर्षी राज्यशास्त्र ठेवायचं की तो तास संगणकाला द्यायचा. बाईंना दुसरा विषय शिकवता येत नव्हता. शिकवायचाही नव्हता.

सभापतीच्या खुर्चीत 'वकील' बसला होता. गृहपाठ न केल्याची कारणंही तो मुद्देसूद मांडायचा, म्हणून वर्गानं त्याला हे नाव ठेवलं होतं.

फादर दारातून वाकून आत आले. सरकारात मुंगी शिरायला जागा नव्हती. ते निमूटपणे समोरच्या रिकाम्या बाकावर, बाईंच्या पिशवीशेजारी जाऊन बसले.

(सभागृहात श्वास रोखलेला.)

"विरोधी पक्षाला काही प्रस्ताव मांडायचा आहे का?" वकिलानं विचारलं. तालमीत हेच वाक्य होतं. मग त्यानं जीभ चावली.

फादर क्षणभर बाईंकडे पाहत राहिले. मग उठले, हात जोडले आणि सकाळच्या प्रार्थनेच्या त्याच संथ आवाजात म्हणाले,

"पुढच्या वर्षीपासून राज्यशास्त्राचा तास बंद करण्यात यावा."

"आमेन!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

बाईंच्या बोटांत खडू मोडला. वर्षभर शिकवलं ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी. त्या खाली वाकून तुकडे वेचू लागल्या; वेचून झाले तरी वाकलेल्याच राहिल्या.

"प्रस्ताव..." वकील अडखळला. "मंजूर?"

"थांब रे!" आत्यावाली मुलगी उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते. "ते मत नव्हतं. ती तोंडाची सवय. माझं मत विरोधात आहे."

"कारण सांगा," वकील म्हणाला.

"कारण... बाकीच्या तासांना उत्तर काय ते विचारतात. या तासाला मिस विचारतात, तुला काय वाटतं. आधी मला काहीच वाटायचं नाही. आता वाटतं."

"मग गणिताचा तास संगणकाला द्या!" कोणीतरी ओरडलं.

(प्रचंड बाके वाजवणे.)

तेवढ्यात कोपऱ्यातला एक मुलगा उठला, गल्ली ओलांडून गेला आणि फादरांच्या शेजारी उभा राहिला. "सॉरी मिस. मला संगणक हवाय. आमच्याकडे घरी नाहीये."

वर्गानं "गद्दार!" असा आवाज काढला. बाई मात्र सरळ उभ्या राहिल्या. त्यांनी तिकडच्या बाकावरची स्वतःची पिशवी उचलली आणि त्याला बसायला जागा करून दिली.

"त्याचंही ऐकायचं," त्या म्हणाल्या. आवाज जरा चढला होता. "पण आधी हिचं पूर्ण होऊ दे."

मुलीनं पुन्हा तोंड उघडलं, तोच फादर उभे राहिले.

"मुलांनो, मला एवढंच म्हणायचं आहे की..."

"सन्माननीय सदस्य, खाली बसा," वकील म्हणाला. त्याचा आवाज फाटला, पण शब्द पूर्ण आले. "त्यांचं बोलणं संपलेलं नाही."

बाईंचं एक पाऊल पुढे पडलं आणि तिथेच थांबलं.

फादर खाली बसले. मग शेजारच्या मुलाकडे झुकून हळूच म्हणाले,

"आपली पाळी कधी येते रे?"