आत कोण कोण आहे?

माझं रूप आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी तोंड वाकडं करायला नको. मी काळी आहे. ना चित्र, ना बटण, ना कोपऱ्यात हसरा चेहरा. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आणि एका जागी लुकलुकणारी छोटी रेघ, एवढाच माझा संसार. एका मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रे विभागाच्या मागे, एका गार खोलीत मुख्य संगणक आहे. त्याला सगळे सर्व्हर म्हणतात. त्या सर्व्हरशी बोलायची मी खिडकी. माणूस माझ्यात कमांड टाइप करतो, मी ती सर्व्हरला पोचवते आणि तो जे सांगेल ते जसंच्या तसं माणसापुढे ठेवते. पदरचं काही घालत नाही, कुणाचं काही झाकत नाही. आजकाल हा स्वभाव फारसा कुणाला परवडत नाही, हे मला ठाऊक आहे.

माझा जन्म जुना. रंगीत पडदे आणि बोटानं सरकवायची चित्रं यायच्या कितीतरी आधीचा. तेव्हा एका खोलीएवढं एक यंत्र असायचं आणि त्यावर एकाच वेळी अनेक जण काम करायचे. साहजिकच सगळ्यात आधी प्रश्न पडायचा की आत कोण कोण आहे? त्यासाठी एक इवलीशी कमांड केली गेली, तिचं नाव 'हू'. ती टाइप केली की सर्व्हरमध्ये शिरलेल्या प्रत्येकाचं नाव, तो कुठून आला आणि कधीपासून बसलाय, हे मी ओळीनं दाखवते. तिच्या जोडीला 'पीएस' आणि 'टॉप'. कुणाचं कोणतं काम चालू आहे आणि त्यातलं कोणतं काम यंत्राच्या ताकदीचा किती घास खातंय, ते या दोघी सांगतात. एवढ्या तीन कमांडांवर माझी अर्धी कारकीर्द उभी आहे.

या रुग्णालयात मी आले ती एका हौशी गृहस्थाच्या हाताखाली. त्यानं माझी अक्षरं हिरवी केली, पोपटी केली, शेवटी नारिंगीही केली आणि मग दुसरी नोकरी मिळताच निघून गेला. त्याच्यानंतर आले कंत्राटावरचे लोक. त्यांना एकच विद्या येत होती, बंद करायचं आणि चालू करायचं. सर्व्हर खोकला तरी बंद-चालू, शिंकला तरी बंद-चालू. मला उघडायचं तेही तेवढ्यापुरतंच. दुखतंय कुठे, हे कुणी विचारलंच नाही. डॉक्टर असे वागले असते तर लोकांनी दवाखान्याच्या काचा फोडल्या असत्या.

मग हेडबाई आली.

खरं तर ती संगणक विभागाची प्रमुख. पण पूर्वी शाळेत गणित शिकवायची आणि दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली की भल्याभल्यांची बडबड थांबायची, म्हणून सगळे तिला हेडबाई म्हणतात. पहिल्याच दिवशी तिनं खुर्ची ओढली आणि टाइप केलं 'हू'. मी उत्तर दिलं: लॅब, लॅब, लॅब, लॅब. खाली पाहावं तिथं लॅबच.

"हे काय?" ती पुटपुटली.

कारण असं, की रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमधली सगळी माणसं एकाच नावानं आत शिरायची. पासवर्डही एकच, आणि तो कुणी विसरू नये म्हणून रक्ताच्या नमुन्यांच्या फ्रिजवर मार्करनं ठसठशीत लिहिलेला. घरी जाताना पडद्याचं बटण दाबायचं आणि संगणक बंद केला असं समजायचं. आत त्यांचा मुक्काम तसाच चालू. रात्रपाळीची माणसं घरी झोपलेली आणि माझ्याकडे ती अजून कामावर!

हेडबाई वर लॅबमध्ये गेली. लॅबचे प्रमुख म्हणजे लॅबवाले काका. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा.

"बाई, आम्ही रक्त तपासायचं की नावं न् पासवर्ड पाठ करत बसायचं?"

"काका, तुम्ही प्रत्येक बाटलीवर वेगळं नाव कशाला लिहिता मग? सगळ्यांवर एकच लिहा की, पेशंट!"

काकांनी मिशीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी फ्रिज स्पिरिटनं पुसून काढला गेला आणि प्रत्येकाला स्वतःचं नाव मिळालं. कुरकुर पुष्कळ झाली. हेडबाईनं ती कानावर घेतली आणि तिथंच ठेवली.

आमचे दिवस बरे चालले होते. मग एके दिवशी कोटवाला आला.

कोटवाला एका कंपनीचा विक्रेता. उकाड्यातही कोट. त्यानं आणला होता रंगीत फलक. मोठ्या पडद्यावर गोल गोल काटे, सरकणाऱ्या पट्ट्या आणि मधोमध एक टपोरा हिरवा दिवा: सर्व काही ठीक. रुग्णालयाचे अधीक्षक म्हणजे मोठे डॉक्टर तो दिवा पाहून हरखून गेले. हा माणूस शस्त्रक्रियेत नावाजलेला. आत काय आहे हे पाहिल्याशिवाय पेशंटच्या वाट्याला एक गोळी जाऊ द्यायचा नाही. आणि तोच माणूस सर्व्हरच्या बाबतीत वरचा रंग बघून खूश! मला राग येतो तो याचाच. स्वतःच्या धंद्यात काटेकोर असलेली माणसं दुसऱ्याच्या धंद्यात इतकी भोळी कशी होतात?

करार तयार झाला. संगणकाचं सगळं काम कंपनीकडे जाणार होतं. काळी खिडकी 'जुनाट आणि धोकादायक', म्हणून कायमची बंद. हेडबाईची बदली औषधांच्या कोठारात, हातमोजे न् सलाईनच्या बाटल्या मोजायला. चाचणी म्हणून फलक सह्यांच्या आदल्या दिवसापासून चालू केला होता. बाहेर नातेवाईक बसतात त्या मार्गिकेत टीव्हीवर तो झळकत होता, डॉक्टरांच्या फोनवर तो होता, अधीक्षकांच्या टेबलावरही होता. दुपारी जेवणाआधी सह्या व्हायच्या होत्या.

त्या सकाळी रिपोर्ट थांबले.

लॅबची यंत्रं रक्त तपासतात आणि आकडे थेट सर्व्हरकडे धाडतात. तिथून ते वॉर्डावर छापून निघतात. त्या दिवशी आकडे सर्व्हरच्या दारात पोचले आणि तिथंच ताटकळले. हेडबाईचा फोन वाजला. पलीकडे तिची धाकटी बहीण. ती लहान मुलांच्या वॉर्डावर नर्स आहे.

"ताई, तुझं यंत्र झोपलंय का गं? बाळाला ऑपरेशनला घ्यायचंय आणि रक्ताचा रिपोर्टच नाही."

"परत रक्त काढता येईल?"

"कुठून काढू? एवढासा जीव तो. सकाळी शीर सापडता सापडेना, रडून रडून निळं झालं होतं. त्याची आई माझा हात सोडत नाहीये. ताई, काहीतरी कर."

हेडबाईनं मला उघडलं, सर्व्हर किती थकलाय ते एका नजरेत पाहिलं, लॅपटॉप काखेत मारला आणि जिना चढून थेट अधीक्षकांच्या खोलीत शिरली.

तिथं आधीच जुंपली होती.

"सर, तुम्हीच बघा," कोटवाला फलकाकडे हात करून सांगत होता, "सगळं हिरवं. यंत्र ठणठणीत आहे. माणसं हळू आहेत."

"हळू?" लॅबवाले काका उसळले. "अहो, माझी माणसं सकाळपासून चहाला उठली नाहीत! हळू म्हणे! कोट काढा आणि या खाली, दाखवतो कोण हळू आहे ते."

"भांडू नका," अधीक्षक म्हणाले. "उपाय सांगा."

"सोपं आहे सर. एकदा बंद करून चालू करायचं."

"आणि सकाळपासूनचे आकडे?" हेडबाई दारातूनच म्हणाली. "ते अजून कुठंच साठवले गेले नाहीत, वाटेत अडकलेत. बंद केलं की गेले. मग सगळ्या पेशंटांना पुन्हा सुया टोचायच्या. त्या बाळालासुद्धा. टोचायला तुम्ही येणार आहात का?"

कोटवाला टाय सैल करू लागला.

"हेडबाई, किती वेळ लागेल?" अधीक्षकांनी विचारलं. शस्त्रक्रिया त्यांनाच करायची होती.

"विचारायला लागेल तेवढाच, साहेब."

तिनं फलकाची वायर उपटली आणि स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. हिरवा दिवा गेला आणि त्या भल्यामोठ्या पडद्यावर मी आले. काळीकुट्ट. कोटवाल्याच्या चेहऱ्यावर असा भाव, की जणू जेवणाच्या पानात झुरळ निघालं.

हेडबाईनं टाइप केलं 'हू'.

खरं सांगते, मीही अडखळले. सर्व्हरला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पण माझा प्रश्न फारच छोटा. त्यानं कसंबसं उत्तर दिलं आणि मी नावं मांडली. लॅबची माणसं, ज्याच्या त्याच्या नावानं. वॉर्डावरच्या नर्सा. आणि सगळ्यात वर, आदल्या दिवसापासून मुक्काम ठोकलेला एक जण: पाहुणा.

"हा पाहुणा कोण?" अधीक्षकांनी विचारलं.

"तो... म्हणजे चाचणीसाठी मला दिलेलं नाव आहे ते," कोटवाला म्हणाला. "पण मी कालच लॅपटॉप बंद केला होता."

"झाकण लावलंत," हेडबाई म्हणाली. "बाहेर पडला नाहीत. आता बघू, पाहुणे आत काय करतायत."

'पीएस'. मी पाहुण्याच्या नावाची कामं दाखवायला लागले आणि ओळी थांबेनात. एकाच कामाच्या ओळी, एकाखाली एक, पडदा भरला, वर सरकला, पुन्हा भरला. मग 'टॉप'. यंत्राचा जवळजवळ सगळा घास त्याच कामांच्या तोंडात. आणि तळाशी, कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं लॅबचं काम, त्याला शीतसुद्धा नाही.

"हे तुमच्या फलकाचंच काम आहे, पाहुण्याच्या नावानं चालू केलेलं," हेडबाई म्हणाली. "जिथं जिथं फलक उघडलाय, टीव्हीवर, फोनवर, तिथून तो सारखा विचारतोय की आजवरचे एकूण रिपोर्ट किती. ते मोजायचं तर सर्व्हरला जुनी सगळी दप्तरं चाळावी लागतात. पहिलं उत्तर यायच्या आत हा दुसऱ्यांदा विचारतो, मग तिसऱ्यांदा. आधीचा प्रश्न मागे घेतच नाही."

अधीक्षक खुर्चीत पुढे सरकले. आता हे त्यांच्या भाषेत आलं होतं. "म्हणजे नातेवाइकांनी खाटेभोवती गर्दी करून, बरं वाटतंय ना, बरं वाटतंय ना, असं विचारून पेशंटचाच श्वास कोंडलाय."

"अगदी तसंच, साहेब."

"मग हिरवा दिवा कशाचा होता?"

"पेशंट खाटेवर आहे याचा. श्वास चालू आहे की नाही, ते तो बघतच नाही."

काका मिशीत हसले.

"बंद करा ते," अधीक्षक म्हणाले.

"सांभाळून हं!" कोटवाला घाईनं उठला. "एकदम सगळं बंद पडेल!"

"फक्त पाहुण्याचं पडेल. इथं प्रत्येकाचं नाव वेगळं आहे."

"म्हणूनच आम्ही आग्रह धरला होता, साहेब," काका छाती पुढे काढून म्हणाले, "की ज्याचं त्याला वेगळं नाव हवं!"

हेडबाईनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. काका छताचा पंखा न्याहाळू लागले.

काम थांबवायची कमांड म्हणजे 'किल'. नाव भयंकर, पण रीत सभ्य. आधी विनंती करते: आवरा आणि निघा. हेडबाईनं पाहुण्याच्या कामांना विनंती धाडली. बरीच निघाली. काही हटवादी तशीच बसून राहिली. मग तिनं त्याच कमांडपुढे नऊचा आकडा लावला. नऊ म्हणजे विनंती संपली. एका झटक्यात पडदा रिकामा झाला, आणि पाहुण्याचा मुक्काम हलला.

मी 'टॉप' धरून होते. यंत्रावरच्या भाराचा आकडा उतरला, आणखी उतरला, आणि तळाशी अंग चोरून बसलेलं लॅबचं काम वर आलं, पहिल्या ओळीत येऊन बसलं. इतकी वर्षं मी आकडे दाखवतेय, पण आकडा पाहून खोलीतली माणसं उभी राहिलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. खालच्या मजल्यावरून छपाईचा आवाज यायला लागला. मग दुसऱ्या वॉर्डातून. मग सगळीकडून.

हेडबाईचा फोन वाजला. तिनं तो स्पीकरवर टाकला.

"ताई, आला! बाळाचा आला! रक्त व्यवस्थित आहे, नेतोय आम्ही त्याला. मोठे डॉक्टर कुठे आहेत?"

"निघालो, सिस्टर," अधीक्षक तिथूनच ओरडले. दारापर्यंत गेले आणि मागे वळले. टेबलावरचा करार उचलून त्यांनी कोटवाल्याच्या हातात दिला. "हा घेऊन जा. आणि जाताना मार्गिकेतला टीव्ही बंद करायला विसरू नका. नुसता पडदा नव्हे, पूर्ण बंद."

"सर, पुढच्या आवृत्तीत..."

"हेडबाई, या काळ्या खिडकीला इथून कुणी हलवणार नाही. आणि तुम्हालाही."

बाळाचं ऑपरेशन त्याच दुपारी झालं आणि नीट झालं. त्याच्या आईला माझं नावही ठाऊक नाही, आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. तिच्या हातात बाळ आहे, माझं पोट भरलं.

आता माझा मुक्काम दोन ठिकाणी आहे, तळमजल्यावरच्या गार खोलीत आणि अधीक्षकांच्या टेबलावर. ते राउंडला जायच्या आधी एका बोटानं 'हू' टाइप करतात, चुकतात, खोडतात, स्वतःवरच चिडतात. परवा त्यांना नावांमध्ये स्वतःचं नाव दिसलं तर लहान पोरासारखे ओरडले, "अहो हेडबाई, मी आहे की यात!" हेडबाई म्हणाली, "असणारच, साहेब. तुम्हीच तर विचारताय." लॅबवाले काका येणाऱ्या-जाणाऱ्याला ही हकीकत सांगतात. त्यांच्या सांगण्यात नऊचा आकडा त्यांनीच लावला होता. लावू दे बापडे.

माझं मागणं तुमच्याकडे आहे, वाचणाऱ्यांकडे. उद्या तुम्ही कुठल्याशा कचेरीत, बँकेत नाहीतर तिकिटाच्या खिडकीसमोर उभे असाल. आतला माणूस मान वर न करता म्हणेल, "सर्व्हर डाउन आहे, उद्या या." मुकाट्यानं घरी जाऊ नका. सर्व्हर काही पाऊसपाणी नाही, की आपोआप यावं आणि आपोआप जावं. त्याच्या आत कुणीतरी शिरलेलं असतं, काहीतरी चाललेलं असतं, आणि ते विचारलं की कळतं. तेव्हा काउंटरवर कोपर टेकवा आणि आवाज चढवून विचारा, "डाउन आहे हे कळलं. आत जाऊन बघितलं कुणी?"