हितनं न हललेला वाडा

मित्रांनो, मी एक जुना काळा फळा आहे. दया दाखवू नका, मला ती चालत नाही. साताऱ्याच्या एका सुताराने मला सागवानी चौकटीत बसवले आणि मी विश्रामबागेतल्या एका कॉलेजात आलो. गणिते, सनावळ्या, पोरांनी काढलेली सरांची चित्रे, सगळे अंगावर झेलले. माझ्यावर अक्षर उठून दिसते, असे सगळे म्हणत. मग वर्गावर्गात पांढरे फळे आले आणि माझी रवानगी मागच्या खोलीत झाली.

त्याच खोलीत सर्जनशील लेखनाचा अभ्यासक्रम सुरू झाला. लेखकांना दुसरी कुठली खोली मिळणार? उरलेलीच!

शिकवायला संयोगिता मॅडम. मनाने चांगल्या, पण शब्द नीटनेटका हवा. एकदा त्यांनी प्रत्येकाला आपल्या गोष्टीचे पहिले वाक्य माझ्यावर लिहायला लावले. आटपाडीकडच्या मेंढपाळाची मुलगी प्रांजल उठली. तिने लिहिले, 'आमचा वाडा रोज हलतो.'

वर्ग खो-खो हसला. "अगं, वाडा कसा हलेल? भूकंप झाला का?" मॅडमही हसत म्हणाल्या.

"आवं मॅडम, मेंढरांचा वाडा," प्रांजल म्हणाली. "मेंढरं, घोडं, कोंबड्या, चूल, ल्हान पोरं, समदं घेऊन रोज नव्या रानात. त्यालाच आमी वाडा म्हणतो."

"असेल. पण वाचणाऱ्याला कळणार नाही. 'तळ' लिही. नाहीतर अभ्यासक्रमाच्या समारोपात वाचायला तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणाची गोष्ट घ्यावी लागेल." मॅडमनी डस्टर घेऊन 'वाडा' पुसला.

मला संताप आला. पुसून घेण्यात माझा जन्म गेला, पण कुणाचे घर पुसलेले मी पाहिले नव्हते. त्यात मेंढरे भावावर सोपवून तिचे वडील मल्हार समारोपाला येणार होते. प्रांजलने खडू उचलला आणि रिकाम्या जागी इतका दाबून 'वाडा' लिहिला की खडू मोडला.

"दुसऱ्याची घ्या मॅडम. माझा वाडा हितनं हलायचा न्हाई."

समारोपातून तिचे नाव गेले. हॉलमध्ये पाहुणे समाजातल्या कलावंताच्या स्थानावर बोलत होते, तेव्हा ती माझ्यापुढे उभी राहून वडिलांना गोष्ट वाचून दाखवत होती. नाव का गेले तेही तिने सांगितले. मल्हारने फेटा काढून मांडीवर ठेवला होता.

"रानारानात लोकं म्हणायची, वाडा हलव. आयकून जलम गेला. न्हाई म्हणणारी तू पयली, पोरी."

मॅडमनी तो शब्द पुन्हा पुसला नाही. का, ते त्यांनाच ठाऊक.

आता माझ्या अंगावरच पांढरा फळा ठोकला आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी म्हणणार नाही. मला खुशाल झाका. पण हातात डस्टर आले, तर शब्द कुणाचा आहे ते आधी विचारा. 'वाडा' इथे मागे आहे, खडूनेच लिहिलेला. पुसून दाखवा.