टोपी हातात

म्हाताऱ्या सेलेपेंगने चामड्याच्या पट्ट्यांची आपली खुर्ची काखेत मारली आणि तो चावडीकडे निघाला. वाटेत शेजारीण म्मा सेतुमो भेटली. तिने खुर्ची डोक्यावर पालथी घेतली होती.

“आज तरी तोंड उघडणार का, रा सेलेपेंग? गावप्रमुख भाचा तुमचाच. मामाने नाही तर कान धरायचा कोणी?”

“चारचौघांत मला नाही जमत.”

“मग बायकोला मागणी कशी घातलीत?”

“ती माझ्या काकांनी घातली,” म्हातारा खालमानेने म्हणाला. म्मा सेतुमो हसत सुटली.

तळ्याकाठचं गायरान आपल्या मेहुण्याला हॉटेलसाठी द्यायचं या भाच्याच्या, मोआगीच्या, मनात होतं. कलहारीच्या कडेच्या त्या गावात उन्हाळ्यात गुरांना पाणी तेवढंच.

बाभळीखाली खुर्च्या मांडल्या गेल्या. सेलेपेंगला मोआगीचा बाप, आधीचा प्रमुख थोलो, आठवला. याच बाभळीखाली तो दिवसदिवस गप्प बसे. एकदा दारुड्या दिकोबेने भर चावडीत विचारलं होतं, “प्रमुखाचे बैल गावाच्या पिकात शिरतात, ते काय पाहुणे म्हणून?” लोक त्याला खाली ओढू लागले. थोलो म्हणाला, “बोलू द्या. वाकडं बोललं तरी त्याचा शब्द त्याचा आहे.” सगळ्यांचं ऐकून अगदी शेवटी तो उठला आणि आपला एक बैल त्याने दंड म्हणून गावाला दिला. त्या दिवसांत चावडीवरून घरी जाताना माणसाला आपण थोडे उंच झाल्यासारखं वाटे.

मोआगी उठला. “मंडळी, वेळ घालवत नाही. गायरान द्यायचं मी ठरवलंय. कोणाला काही बोलायचंय?”

प्रमुखाच्या शब्दानंतर कोण बोलणार? ऊन चढलं होतं. सेलेपेंगचा गुडघा आखडला. तो मोकळा करायला म्हातारा उभा राहिला आणि घाम पुसायला त्याने टोपी काढली.

सगळ्या माना वळल्या. चावडीवर माणूस टोपी काढून उभा राहिला, म्हणजे त्याला बोलायचं असतं.

“बोला, मामा.”

“मी... माझा गुडघा...”

हशा पिकला. म्हातारा बसायला वाकला. हसण्यात मोआगीचा मेहुणाही होता, सगळ्यांत मोठ्याने. म्हातारा तसाच पुन्हा ताठ झाला.

“मोआगी, तुझा बाप कधी बोलायचा रे?”

“शेवटी.”

“तू आधी बोललास. आता होय म्हणावं तर लाचारी, नाही म्हणावं तर भांडण. आमच्यासाठी शब्दच ठेवला नाहीस. तुझा शब्द परत घे, बाळा. आधी ऐक.”

मोआगीचा चेहरा काळवंडला. मागून म्मा सेतुमो ओरडली, “मामाचं ऐकावं लागतं!”

“बरं,” मोआगी खाली बसत म्हणाला. “मी अजून बोललेलो नाही.”

मग लोक बोलले. भांडले, एकमेकांना टोमणे मारले, जुनी उणीदुणी काढली. सावल्या लांबल्यावर मोआगी उठला. मेहुण्याकडे न बघता म्हणाला, “गायरान गावाचंच राहील.”

“पुला!” सगळे गरजले. पाऊस पडो!

फाटकापाशी मोआगीने म्हाताऱ्याला गाठलं.

“मामा, गुडघा खरंच दुखत होता?”

“खरंच रे.”

“आणि आता?”

“आताही दुखतोय.”

“द्या ती खुर्ची इकडे,” मोआगी म्हणाला, आणि मामाची खुर्ची काखेत घेऊन त्याच्या पावलाने चालू लागला.