‘चालेल’चा कप्पा

स्वयंपाकघरातल्या कपाटाला चार कप्पे होते. वरच्या तिन्हींना काही नाव नव्हतं, पण सगळ्यात खालच्याला सगळे ‘चालेल’चा कप्पा म्हणत. दुकानात न खपलेले, चेपलेले, लेबल फाटलेले, तारीख उलटलेले डबे आणि पुडे दुकानदार पिशवीत घालून घरी आणी. त्याची आई ते खाली रचता रचता म्हणे, “वन्संना चालेल.”

वन्सं म्हणजे दुकानदाराची आत्या. सव्विसाव्या वर्षी नवरा गेला, तशी ती भावाकडे आली आणि चौतीस वर्षं तिथेच राहिली. पुढे भाऊही गेला. तिला कधी उपाशी ठेवलं नाही, हे घरातले चारचौघांत अभिमानाने सांगत. ‘हिचं काही म्हणून मागणं नसतं हो,’ असंही सांगत. मागून मिळालं असतं का, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही.

सुनेला, म्हणजे दुकानदाराच्या बायकोला, या घरात येऊन चार वर्षं झाली होती. पहिल्या आठवड्यात तो कप्पा तिला खटकला होता. मग हळूहळू तीही त्याच्यापुढे वाकून डबे काढायला शिकली.

आत्या मात्र त्या कप्प्यापायी तारखांची पंडित झाली होती. चष्मा कपाळावर चढवून ती सुनेला शिकवी, “हे बघ, ‘या तारखेपूर्वी उत्तम’ लिहिलंय ना, ते नुसतं कंपनीचं कौतुक. बिस्किट जरा मऊ पडेल, एवढंच. पण ‘या तारखेपर्यंतच वापरा’ असं दिसलं की हात लावायचा नाही. तिथे कंपनी स्वतःच घाबरलेली असते.” आणि स्वतःच हसे. या विद्येच्या जोरावर तिने तो कप्पा इतकी वर्षं पचवला होता.

त्या सोमवारी दुपारी सुनेने खालून घेवड्याचा डबा काढला. कडेला चेपलेला होता आणि वरचं झाकण पोट आल्यासारखं वर आलं होतं. तिने बोटाने दाबलं. ते आत गेलं आणि टक्‌ करून पुन्हा वर आलं.

“आई, हा फुगलाय.”

सासूबाईंनी डबा उलटा करून पाहिला. “तारीख आहे की अजून! आठ महिने आहेत चांगले. नुसता चेपलाय म्हणून गिऱ्हाईक घेत नाही. वन्संना चालेल.”

सून क्षणभर घुटमळली. बाकीच्यांसाठी शेगडीवर ताजी भाजी शिजत होती. वाद कशाला घाला, असं तिच्या मनात आलं, आणि ती म्हणाली, “चालेल.”

डबा उघडताना फस्स झालं आणि पाणी तिच्या मनगटावर उडालं. वास काहीच आला नाही. शेगडी अडलेली, म्हणून तिने घेवडा तसाच, न उकळता वाडग्यात ओतला.

आत्याने डब्यावरची तारीख वाचली आणि तिचा चेहरा उजळला. “अगंबाई! आज मला तारखेतला डबा?” झाकण केव्हाच कचऱ्यात गेलं होतं, ते तिने पाहिलंच नाही. ती चवीने जेवली, वाडगं पुसून खाल्लं.

मंगळवारी सकाळी ती नेहमीसारखी पुडे निवडायला बसली. हातातला पुडा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

“अगं, यावर दोन-दोन तारखा का छापल्यात?”

सुनेने पाहिलं. तारीख एकच होती.

“चष्मा पुसा, आत्या.”

आत्याने चष्मा पुसला. दुपारपर्यंत तिच्या पापण्या अर्ध्यावर आल्या. तोंडात काही धरून बोलावं तसे शब्द जड येऊ लागले. पाण्याचा घोट दिला, तो गिळताच येईना. “झोप झाली नसेल,” सासूबाई म्हणाल्या. सुनेने मात्र त्यांचं ऐकलं नाही. नवऱ्याला दुकानातून बोलावलं, गाडी करायला लावली, आणि निघता निघता कचऱ्याच्या बादलीत हात घालून तो डबा आणि झाकण बरोबर घेतलं.

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी डबा पाहिला मात्र, धावपळ सुरू झाली. अशा डब्यात हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंचं विष असू शकतं, ते नसा लुळ्या करतं, असं त्यांनी सांगितलं. औषध सुरू केलं, श्वासाचं यंत्र लावलं.

“पण तारीख होती हो त्याच्यावर!” सासूबाई रडत म्हणाल्या.

“तारीख धड डब्याची असते, आजी. फुगलेल्या डब्याला कसली तारीख?”

सून सासूकडे वळली. “तारीख होती ना, आई? मग तो तुमच्या ताटात का नव्हता? माझ्या का नव्हता?”

आणि बोलता बोलता तिला आठवलं, ‘चालेल’ तीसुद्धा म्हणाली होती.

आत्या सहा दिवस होती. शुद्ध अखेरपर्यंत होती, हेच सगळ्यात वाईट. पापण्या उचलत नव्हत्या, पण सुनेने हात धरला की बोटं किंचित हलत. सातव्या दिवशी सकाळी ती हललीच नाहीत.

महिना उलटला. दुकानदार जेवायला आला तो नेहमीसारखी, न बघताच भरलेली पिशवी घेऊन. त्यात चेपलेला, फुगीर झाकणाचा एक डबा होता. सासूबाईंच्या तोंडून सवयीने गेलं, “कामवाल्या बाईंना—”

सुनेने तो डबा उचलला आणि न उघडता नवऱ्याच्या ताटात, भाताशेजारी ठेवला.

“वर्षभराची तारीख आहे. तुम्हाला चालेल?”

“वेड लागलंय का तुला?” त्याने डबा झटकन बाजूला सारला.

“मग कुणालाच चालणार नाही. आजपासून या घरात जे तुमच्या ताटात जाणार नाही, ते कुणाच्याच ताटात जाणार नाही.” सासूबाईंनी डबा उचलून कचऱ्यात टाकला. त्यांनाही नवरा नव्हता, आणि वय होत चाललं होतं.

वाचकहो, आज घरी गेल्यावर आपल्या कपाटातला सगळ्यात खालचा कप्पा उघडून बघा. डबा फुगलाय का बघा, तारीख कसली लिहिलीय तेही बघा. पण त्याआधी, तो डबा कुणासाठी ठेवलाय ते बघा.