चार बोटांच्या चौकटी

मित्रांनो, मी आहे चौकटी आखलेला एक जुना फळा. पेरूच्या डोंगरात, वायकांचा नावाच्या गावातल्या शाळेत भिंतीला खिळलेला. आधी मी नुसताच काळा होतो. शाळा उघडण्याआधी पालक मिळून डागडुजी करतात, त्यात एका वर्षी मला रेघा मिळाल्या. उभ्या रेघा शिंपी कासिमिरोने जेवणाआधी आखल्या. मग बटाटे आणि चिचा, म्हणजे मक्याची आंबवलेली दारू, झाली, आणि आडव्या रेघा पाथरवट तेओदोसिओने आखल्या. दोन रेघांमध्ये चार बोटं अंतर, असं ठरलं होतं. पण बोटं कोणाची, हे कोणीच ठरवलं नव्हतं.

शिंप्याची बोटं बारीक, पाथरवटाची जाडजूड. त्यामुळे माझ्या चौकटी उंचीला जास्त झाल्या. मला ते त्याच दिवशी कळलं, पण सांगणार कसा? सरळ रेषांच्या धड्यात काही बिघडलं नाही. माझ्यावर आखलेल्या रेषा सरळच यायच्या. वर्तुळाचा धडा वर्षाच्या शेवटी असतो आणि तिथवर वर्ग कधी पोचलाच नाही. सात वर्षं माझं कौतुकच झालं.

यंदा गणिताच्या मास्तरांची बदली झाली आणि भूगोलाचे एदिल्बेर्तो मास्तर गणित शिकवू लागले. ते वर्तुळापर्यंत पोचले. शहरातल्या वसतिगृहाच्या शाळेत वर्गातलं एकच मूल जाणार होतं. विल्बेर आणि नेलिदा बरोबरीत होते, म्हणून मास्तरांनी शेवटचा प्रश्न घातला.

"केंद्र मूळबिंदूवर, त्रिज्या पाच. मग तीन, चार हा बिंदू कुठे?"

"वर्तुळावर," नेलिदा म्हणाली. "नऊ आणि सोळा पंचवीस. पाचाचा वर्गही तेवढाच."

मास्तरांनी आडव्या पाच चौकटींएवढा लाकडी कंपास उघडून वर्तुळ काढलं. बिंदू चांगला बाहेर राहिला.

"बाहेर आहे, मास्तर. दिसतंय की," विल्बेर म्हणाला.

"मग काय नेलिदाबाई, फळा खोटं बोलतो?" मास्तर म्हणाले, आणि वर्ग हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शाळा सुटल्यावर ती एकटीच मागे थांबली. लोकरीचा धागा तिने माझ्या पाच आडव्या चौकटींवर ताणला, मग तोच उभा धरला. जेमतेम चार चौकटी भरल्या. तिने पुन्हा मोजलं. बाहेर ओसरीवर मास्तर विल्बेरच्या नावाचं पत्र लिहीत होते. चार पावलांवर.

तेवढ्यात तिला न्यायला तिचा बाप आला. तेओदोसिओच तो, पाथरवट.

"मास्तरांनी सांगितलं मला. चुकतं माणसाचं, पोरी, मनाला लावून घेऊ नको." मग त्याने माझ्या आडव्या रेघेवरून बोट फिरवलं. "पण ही रेघ बघ. सात वर्षं झाली, एक तरी वाकडी आहे का?"

नेलिदाने धागा बोटाभोवती गुंडाळला. "नाही, बाबा," ती म्हणाली, आणि दोघं मास्तरांसमोरून घरी गेली.

मला तोंड नाही. तिला होतं, पण बापापुढे ते उघडवलं नाही. म्हणून हात जोडता येत नसले तरी विनवतो, मित्रांनो, पोरीला चुकलीस म्हणण्याआधी एकदा फळा मोजून बघा.