कॉम्प्युटरने लावलेलं लगीन

आमच्या वाडीतून डोली भरून जाते ती खाली. साप चावलेला, ताप चढलेला, अडलेली बाई, असं माणूस डोलीत घालून बाप्ये डोंगर उतरतात आणि डांबरी रस्त्यावर जे वाहन मिळेल त्यातून मुरुडला नेतात. ती डोली भरून वर येताना मी पहिल्यांदा पाहिली ती गेल्या माघात. तिच्यात कॉम्प्युटर होते. न्हावा शेव्याच्या एका कंपनीने आपले जुने कॉम्प्युटर आमच्या शाळेला दिले होते. टेम्पो पायथ्याशी थांबला, पुढे रस्ता नाही. बाप्यांनी खोकी गोधड्यांत गुंडाळली आणि ओली बाळंतीण आणावी तशी जपून वर आणली.

हे सगळं जमवलं आमच्या शाळेच्या अनुयाबाईंनी. त्या दिवेआगरच्या. मागच्या मोठ्या वादळात त्यांच्या घरची सगळी नारळी-पोफळी आडवी झाली, तरी त्या आमच्या शाळेचे उडालेले पत्रे बघायला डोंगर चढून आल्या होत्या. शाळा सुटली की त्या आम्हा म्हाताऱ्यांना अक्षरं शिकवत. साठी उलटून गेल्यावर मी लिहायला शिकले ते त्यांच्याकडेच.

माझं नाव केसर. मी या वाडीची धवलारीण. आमच्यात लग्न लावायला भट येत नाही. मांडवात नवरानवरी पाटावर बसली की धवलारीण धवले गाते, देवांना बोलावते, दोघांची नावं गाण्यात ओवते. वरून तांदूळ पडले की लग्न लागलं. कागद नाही, सही नाही. एकदा म्हटलेला धवला मागे घेता येत नाही, तसा धवला कुणी रचलेलाच नाही.

माझी नात रचना चौथीला होती. माझी सून किशोरी हिने ठरवलं होतं की पोरगी जूनमध्ये मुरुडच्या वसतिगृहात राहायला जाणार आणि पुढे शिकणार. वाडीतली एकही मुलगी तोवर खाली शिकायला गेली नव्हती. मुलीचं लवकर ठरायचं, आणि एकदा ठरलं की ती दुसऱ्याची. तिला शिकायला कोण पाठवतो? त्या भीतीने किशोरी रचनाला कुणाच्या हळदीलासुद्धा पुढे बसू देत नसे.

उद्घाटनाला खालून कुणी मोठा माणूस चढून यायला तयार नव्हता. बाई म्हणाल्या, बरंच झालं, मुलंच करतील. ऊन लागू नये म्हणून शाळेपुढे आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव घातला. एक कॉम्प्युटर बाहेर आणून ओट्यावर ठेवला आणि त्याच्यासमोर दोन पाट मांडले. बटण दाबणार होती वर्गातली हुशार मुलं, आमची रचना आणि नामाचा नातू पियूष. नामा म्हणजे वाडीचा जाणता माणूस, भांडण असो की सोयरीक, त्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही.

माझी शेजारीण नीराबाई हिने कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं. बोटाला हळद उरली ती तिने दोन्ही पोरांच्या कपाळाला पुसली. बाईंनी पाहुण्यांसाठी झेंडूचे हार आणले होते. पाहुणे आलेच नाहीत, म्हणून ते पोरांच्या गळ्यात पडले. नवी वस्तू घरात आली की आम्ही तिच्यावर तांदूळ टाकतो, त्यामुळे बायकांच्या मुठीत तांदूळ होते. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं आणि मला काहीच दिसलं नाही. उभ्या जन्मात इतकी लग्नं लावलेली बाई मी, आणि कॉम्प्युटर कसा उजळतो तेवढंच बघत उभी राहिले.

पाटांवर बसूनच दोघांनी मिळून बटण दाबलं. थोडी वाट बघायला लागली, मग पडदा निळा झाला. लोक हसले. तांदूळ पडले. आणि कॉम्प्युटरमधून माझा आवाज आला.

बाईंनी पावसाळ्यात माझा धवला मोबाइलमध्ये भरून घेतला होता. माझ्यामागे कुणाला येणार नाही, निदान आवाज तरी राहील, म्हणून. ते मला माहीत होतं. पण आपल्या शाळेच्या कॉम्प्युटरचा पहिला आवाज केसरआजीचा असायचा, हे त्यांनी मनात योजलेलं मला माहीत नव्हतं. मी तोंड मिटून उभी होते आणि मी गात होते. ओठ हलतायत का बघायला मी हात तोंडाशी नेला.

धवला पुढे चालला होता. आवाज फाटत होता, शब्द लागत नव्हते, पण चाल सगळ्यांच्या अंगातली. नीराबाईच्या मुठीतले उरलेले तांदूळ खाली सांडले तेव्हा मी पाटांकडे पाहिलं. मांडव. पाट. हळद. गळ्यात हार. डोक्यावर तांदूळ. दोघं पोरं एकमेकांना चिकटून पडद्याकडे बघत होती.

धवला संपला. बाईंनी हौसेने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या कुणीच वाजवल्या नाहीत, तेव्हा त्यांचे हात तसेच राहिले. किशोरी खांबाला धरून उभी होती.

नामाने पहिला शब्द काढला तो माझ्याकडे बघून.

“केसर, लगीन लागलं का न्हाय, ते तू सांग. धवलारीण तू हायस.”

बाईंना कळेना. कुणीतरी सांगितल्यावर त्यांना हसू आलं, आणि नामाचं तोंड बघून ते गेलंही. त्या समजावू लागल्या की हे नुसतं भरलेलं गाणं आहे, त्याने लग्न कसं लागेल, आणि एवढ्या लहान मुलांचं लग्न कायद्याने तर मुळीच होत नाही, उलट गुन्हा आहे.

“कायदा आमाला ठावं हाय, बाई,” नामा म्हणाला. “त्यो खाली ऱ्हातो. उद्या ह्या पोरीला दुसरं स्थळ आलं, तर लोक सांगतील, ती पाटावर बसलेली हाय. माज्या पोराचंबी तेच. तवा कायदा येनार हाय का वर चढून?”

तो रागावला नव्हता. त्यालाही नातू एकच.

पियूषने गळ्यातला हार काढला आणि म्हणाला, मला ही नको, ही माझी पेन्सिल घेऊन परत देत नाही. रचनाने त्याला ढकललं. एरवी सगळं अंगण हसलं असतं.

किशोरी माझ्याजवळ आली. एवढंच म्हणाली, “आत्या, काय तरी बोला.”

नाही म्हणावं तर माझाच आवाज माझ्याविरुद्ध उभा होता. मग माझ्या मनात आलं ते नावांचं. धवला रिकामा गाता येत नाही. नवऱ्याचं नाव, नवरीचं नाव त्यात यावंच लागतं. बाईंच्या मोबाइलपुढे गाताना मीही नावं घातली होती. जिवंत पोरापोरीची घातली तर उगाच बंधन पडेल, म्हणून विचार करून वेगळीच घातली होती. ती आता आठवली. त्यातलं एक नाव मला तोंडाने सांगता येणारं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, त्यानंतर ते मी कुणासमोर उच्चारलेलं नाही. बाईंसमोर घेतलं ते गाण्यात होतं म्हणून, आणि ऐकायला वाडीतलं कुणी नव्हतं म्हणून.

“ही नावं ह्या पोरांची न्हाईत,” मी म्हणाले.

“मंग कुनाची?” नामाने विचारलं.

मी शाळेत गेले. सगळे मागून दाराशी आले. मी खडू घेतला आणि फळ्यावर लिहायला लागले. पहिलं अक्षर पुसून पुन्हा काढावं लागलं. आधी केसर लिहिलं, ते सवयीचं होतं. मग दुसरं. त्याला वेळ लागला. वेलांटी कुठल्या बाजूला, तेच सुचेना.

नामाला वाचता येत नाही. दारातल्या बहुतेकांना येत नाही. रचना पुढे आली आणि शाळेत वाचतात तसं मोठ्याने वाचलं.

“केसर. शिवदास.” मग ती माझ्याकडे वळली. “आजी, हे तर आजोबांचं नाव.”

शिवदासला जाऊन आठ पावसाळे झाले. डोलीतून खाली नेला होता, वाटेतच गेला. नीराबाईने तोंडावर पदर घेतला. बाईंनी त्या दिवशी पहिल्यांदाच खाली मान घातली. इतके दिवस ते गाणं त्यांच्याजवळ होतं, पण धवल्यात शब्द इतके लांबवतात की नाव कुठे येतं ते त्यांना कळलंच नव्हतं.

नामाला खात्री हवी होती. त्याने दोन्ही पोरांना मांडवाबाहेर काढलं, पाट उचलून भिंतीला उभे केले, आणि बाईंना गाणं पुन्हा लावायला सांगितलं. आता सगळे कान देऊन ऐकत होते. माझा आवाज आला, देव आले, मग नवरा आला, शिवदास, आणि त्याच्या पाठोपाठ नवरी. मी भिंतीकडे तोंड करून ऐकलं.

मग नामा म्हणाला, “पोरं मोकळी. लागलं ते हिचंच लागलं, आनि ते लागलेलंच व्हतं.”

किशोरी तिथेच खाली बसली. रचनाला तिने इतकं घट्ट धरलं की पोरगी ओरडली. मग नीराबाई म्हणाली की दोनदा लागलं म्हणजे धवलारणीचा मान दोनदा द्यायला हवा, तो आता कोण देणार, आणि तेव्हा कुठे कुणीतरी हसलं.

बाई माझ्याजवळ आल्या. गाणं पुसून टाकू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हणाले. फक्त पाटावर बसून कुणी ऐकू नये. तर मग त्याला नाव द्यायला हवं, त्या म्हणाल्या, म्हणजे पुन्हा चुकून लागणार नाही. काय नाव देऊ?

मी दारातून आत फळ्याकडे बोट दाखवलं. बाईंना माझी अडचण कळली असावी. त्या सरकल्या आणि मला पुढे केलं. रचना माझ्या शेजारी उभी राहिली आणि कुठलं अक्षर कुठे आहे ते दाखवू लागली. तोंडाने घेता येत नव्हतं ते नाव मी एकेक बोट दाबून घेतलं. पडद्यावर ते उमटलं, स्वच्छ, माझ्या हाताने कधीच आलं नसतं तसं सरळ.

जूनमध्ये रचना खाली गेली, चालत.