मार्सेलिसला निघालो तेव्हा

अमावास्येला प्रवासाला निघू नये हे माझ्या मुलाला, अभिरामला, पाळण्यात असल्यापासून ठाऊक आहे. तरी मार्सेलिसच्या विमानाची तिकिटं काढली ती नेमकी अमावास्येच्या शनिवारची. का, तर सोमवारी ऑफिस.

मी तीन महिन्यांसाठी डच मुलखात, लायडनला त्याच्याकडे आलेली. पुढच्या आठवड्यात परत रत्नागिरी. तेवढ्यात आईला जरा फिरवून आणू, म्हणून हा घाट. सून इरावती कॉम्प्युटरवरचं वाचून दाखवायची. "आई, डोंगरावर सोन्याच्या मूर्तीचं चर्च आहे. बंदराच्या तोंडाशी दोन किल्ले. बोटीने बेटावर गेलं की जुना तुरुंग." अभिरामला सावरकरांनी उडी मारली तो समुद्र बघायचा. आणि त्याच बंदरावर रोज सकाळी होड्या लागतात, ताजी मासळी मांडून विकतात, हेही तिनेच वाचलं आणि पुढे सरकली.

"थांब. ते कधी बघायचं?"

"मासळी बाजार काय बघायचा, आई? वास नुसता!"

पुण्याची शाकाहारी मुलगी, तिला काय सांगू? तीन महिने मी इथल्या सुपरमार्केटात प्लास्टिकमधले बिनडोक्याचे तुकडे बघतेय. ना डोळा, ना कल्ला. मासा आहे की साबण, कळायला मार्ग नाही. मला त्या अख्ख्या शहरात दुसरं काहीच बघायचं नव्हतं.

पण जायचं तर धड जायचं. म्हणून गुरुवारी चांगली वेळ बघून मी प्रस्थान ठेवलं. निघायचा दिवस वाईट असला की आपलं एखादं सामान आधीच दुसऱ्याच्या घरी ठेवायचं, म्हणजे प्रवास त्या चांगल्या वेळेलाच सुरू झाला. निघताना ते उचलायचं आणि तसंच पुढे जायचं, घरी परत यायचं नाही. वस्तूही प्रवासाला लागणारीच हवी. चिंधी ठेवून देव फसत नाही. मागच्या गल्लीत मृदुला म्हणून एक मराठी मुलगी राहते, तिच्याकडे मी माझी कापडी पिशवी दिली. अभिरामला सांगितलं. "हो हो," म्हणाला. डोळे कॉम्प्युटरमध्ये.

शनिवारी सकाळी बॅगा दाराबाहेर काढल्या आणि साहेब पासपोर्ट मोजायला लागले. "माझा, इराचा... आई, तुझा?"

"मृदुलाकडे. प्रस्थानात."

"प्रस्थानात पासपोर्ट?"

"मग काय, टॉवेल ठेवू?"

धावत गेलो तर मृदुलाच्या दाराला कुलूप. फोन केला तर बाईसाहेब मास्ट्रिख्टच्या गाडीत. "अय्या काकू, मला वाटलं तुम्ही दुपारी निघणार!" किल्ली शेजारच्या डच आजीकडे, आणि आजी कुत्र्याला घेऊन फिरायला गेलेली. कुठे, ते कुत्र्यालाच माहीत.

इरावती अभिरामला हळूच म्हणाली, "फक्त आईंचाच नाहीये. आपण दोघं पुढे गेलो तर?" हळूच म्हणजे मला ऐकू येईल एवढं.

"इरा, काहीतरीच काय!"

"बोलून बघितलं."

आजी आली. कुत्र्याचे पाय पुसले, स्वतःचे बूट पुसले, मृदुलाशी फोनवर बोलून खात्री केली, मग किल्ली दिली. माझी पिशवी हातात आली तेव्हा विमान गेलेलं होतं.

आमच्या दाराशी येऊन अभिरामने बॅगा उचलल्या. "संपलं. चला आत, चहा टाका कुणीतरी."

मी उरलेल्या बॅगेवर बसले. तिथेच, रस्त्यात. "मी आत येणार नाही."

"आई, तमाशा नको. लोक बघतायत."

"बघू देत. प्रस्थान उचललंय. आता उंबऱ्याच्या आत पाऊल नाही."

पावसाची भुरभुर सुरू झाली. एक सायकलवाला "खुडेमॉर्खन", म्हणजे त्यांचं सुप्रभात, म्हणून गेला. मीही म्हटलं, "खुडेमॉर्खन." बसल्या जागेवरून.

अभिरामने कोपरापासून हात जोडले. "मग चालत जायचं का मार्सेलिसला?"

"आगगाड्या बंद झाल्यात का या देशातल्या?"

तो काही बोलायच्या आत इरावती घरात गेली. आता ही बया आतून कडी लावते की काय, असं मला वाटलं. ती छत्री घेऊन बाहेर आली, माझ्या डोक्यावर धरली. "डेन हागहून पॅरिस, पॅरिसहून मार्सेलिस. आत्ताच बघितलं. रात्रीपर्यंत पोचतो. उठा, आई."

गाडीत बसल्यावर अभिराम म्हणाला, "उद्या दुपारी परतीचं विमान. हातात एकच सकाळ आहे. काय ते एक ठरवा."

"चर्च," इरावती म्हणाली.

"मासळी बाजार," मी म्हटलं. "तिथे तुझा समुद्रही आहे रे. दोघांचं काम होतं."

अभिराम बायकोकडे बघायला लागला. तिने कपाळाला हात लावला. "आणि घेतलीत मासळी तर शिजवणार कुठे? हॉटेलात शेगडी नाही."

"घ्यायची कुणी म्हटलं?"

"ठीक आहे. नाकाला रुमाल लावून उभी राहीन. दहा मिनिटं हं, आई."

"दहा मिनिटं तर भाव विचारण्यात जातात."

"घ्यायची नाही ना? मग भाव कशाला?"

"भाव न विचारता नुसती बघायची? ती काय देवाचा फोटो आहे?"